संगणकावर चालणाऱ्या पद्धतीला पेटंट मिळतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं अर्ज लिहायला बसण्याआधी वाचावीत. पेटंटचा अर्ज एकदा दाखल झाला की त्यात नवा तांत्रिक मजकूर घालता येत नाही, आणि या क्षेत्रातले कितीतरी चांगले शोध वेळेवर न लिहिलेल्या चार ओळींपायी हातचे जातात.

थोडक्यात सांगा, मिळतं की नाही?

मिळतं. पद्धत संगणकावर चालते एवढ्यावरून ती पात्र ठरत नाही आणि तेवढ्यावरून बादही होत नाही. ती कोणता प्रश्न सोडवते, हे पाहिलं जातं. मेमरी कमी लागते, सिग्नलमधला गोंगाट जातो, यंत्राची झडप किंवा मोटर नीट चालते, नेटवर्कवरचा भार उतरतो, असा प्रश्न असेल तर वाट मोकळी आहे. व्यवहार कसा करावा, किंमत कशी ठरवावी, कामं कुणाला वाटावीत असा प्रश्न असेल आणि संगणक फक्त हातानं होणारं काम भराभर उरकत असेल, तर जवळपास सगळीकडे दार बंद.

आणि हे काही आजचं नाही. सॉफ्टवेअरचं पहिलं पेटंट म्हणून ओळखलं जाणारं मार्टिन गोएट्झ यांचं पेटंट अमेरिकेत एप्रिल १९६८ मध्ये मिळालं. विषय होता माहितीची क्रमवार मांडणी, म्हणजे सॉर्टिंग.

पण "संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही" असं कायद्यातच लिहिलेलं आहे ना?

लिहिलेलं आहे, पण ते वाक्य शेवटपर्यंत वाचायला हवं. युरोपियन पेटंट कराराचं कलम ५२(२) गणिती पद्धती, खेळाचे व व्यवसायाचे नियम, मनात करायच्या क्रिया, संगणक प्रोग्रॅम आणि माहितीची नुसती मांडणी यांना शोध मानत नाही. लगेच पुढचं उपकलम ५२(३) सांगतं की ही मनाई त्या गोष्टींपुरतीच, म्हणजे त्या "निव्वळ त्याच रूपात" मागितल्या असतील तरच. भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) याच वळणाचं आहे. त्यातले "पर से" (म्हणजे "निव्वळ त्याच रूपात") हे दोन शब्द संगणक प्रोग्रॅमला जोडलेले आहेत. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत आणि अल्गोरिदम यांना नाहीत. हा फरक बारीक वाटतो, पण पेटंट ऑफिसच्या हरकतीला उत्तर लिहिताना सगळं गाडं त्यावरच अडतं.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचं कलम २७ म्हणतं की तंत्रज्ञानाच्या सर्व क्षेत्रांतल्या शोधांना पेटंट उपलब्ध असावं. त्याच कराराचं कलम १० प्रोग्रॅमला साहित्यकृतीप्रमाणे कॉपीराइट देतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण कोडचा मजकूर ही एक गोष्ट आणि त्या कोडमुळे घडणारी पद्धत ही दुसरी.

"तांत्रिक परिणाम" म्हणजे नेमकं काय?

व्याख्या कुठल्याच कायद्यात नाही. उदाहरणांवरूनच ती कळते.

युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळानं १९८६ मध्ये व्हायकॉम प्रकरणात (टी २०८/८४) डिजिटल प्रतिमेवर प्रक्रिया करण्याची पद्धत मान्य केली. आत शुद्ध गणित होतं: मोठ्या मॅट्रिक्सऐवजी (आकड्यांच्या चौकोनी तक्त्याऐवजी) लहान मॅट्रिक्स प्रतिमेवरून पुन्हा पुन्हा फिरवायचा, म्हणजे एकूण आकडेमोड घटते. मंडळाचं म्हणणं असं की गणिती पद्धत आकड्यांवर चालते आणि उत्तर आकड्यातच देते. तीच पद्धत तांत्रिक प्रक्रियेत वापरली की ती एका वस्तूवर, इथे प्रतिमेवर, काम करते आणि तिच्यात बदल घडवते.

पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. प्रोग्रॅम चालला की प्रोसेसरमध्ये वीज वाहते, मग तोच तांत्रिक परिणाम का म्हणू नये? १९९८ च्या आयबीएम निर्णयात (टी ११७३/९७) त्याचं उत्तर आहे. कुठलाही प्रोग्रॅम चालताना जे होतंच, ते मोजायचं नाही. त्यापलीकडचा परिणाम दाखवावा लागतो.

सहसा मान्य होणारे परिणाम: कमी बँडविड्थ, कमी वीज, कॅशेमधून (जलद तात्पुरत्या साठ्यातून) अधिक वेळा उत्तर मिळणं, चुका पकडणारं व दुरुस्त करणारं कोडिंग, गुप्तलेखन, सेन्सरच्या मोजमापातली अचूकता, यंत्राचं नियंत्रण, समांतर प्रोसेसरमध्ये काम वाटण्याची अशी रीत की जी हार्डवेअरची रचना लक्षात घेते. सहसा न चालणारे: वापरणाऱ्याला सोपं वाटतं, ग्राहक अधिक खरेदी करतात, अहवाल देखणा दिसतो, कागदपत्रांचा प्रवास आटोपशीर होतो.

"वेग वाढतो" हा दावा मधला आहे आणि तो जपून करावा. संगणक माणसापेक्षा वेगानं काम करतो, याला कोणी विचारत नाही. आधीच्या संगणकीय पद्धतीपेक्षा ही पद्धत वेगवान आहे आणि त्याचं कारण तिच्या डेटा-रचनेत किंवा मेमरी-वापरात आहे, असं दाखवलं तर ऐकून घेतलं जातं.

अमेरिकेत हे कसं पाहतात? "ॲलिस"ची एवढी धास्ती का?

अमेरिकी कायद्यात प्रोग्रॅमला नाव घेऊन मनाई नाही. कलम १०१ प्रक्रिया, यंत्र, उत्पादन आणि पदार्थ-रचना अशा चार वर्गांना दार उघडं ठेवतं. निसर्गनियम, नैसर्गिक घटना आणि अमूर्त कल्पना यांना पेटंट नाही हा अपवाद न्यायालयांनी घडवला. गोची त्या "अमूर्त कल्पना" शब्दांत आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निर्णय समोरासमोर ठेवले की बरंच कळतं. १९७२ च्या बेन्सन प्रकरणात दशमान अंकांचं एका द्विमान रूपातून शुद्ध द्विमान रूपात रूपांतर करायची रीत होती. ती मान्य झाली असती तर गणिताचं सूत्रच एकाच्या मालकीचं झालं असतं, म्हणून नाकारली. १९८१ च्या डिएर प्रकरणात रबर साच्यात पक्कं करायची पद्धत होती. साच्यातलं तापमान सतत मोजायचं, अऱ्हेनियसच्या समीकरणानं (तापमानावरून रासायनिक क्रियेचा वेग सांगणारं सूत्र) वेळ पुन्हा पुन्हा काढायचा आणि वेळ भरताच प्रेस उघडायची. समीकरण जुनंच, पण सगळी पद्धत रबर बनवण्याची होती. ती टिकली.

२०१४ चा ॲलिस विरुद्ध सीएलएस बँक निर्णय दोन पायऱ्यांची कसोटी वापरतो. दावा (अर्जात नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारं वाक्य) मुळात अमूर्त कल्पनेकडे झुकतो का? झुकत असेल, तर त्यात त्या कल्पनेपेक्षा "लक्षणीय अधिक" काही आहे का? त्या प्रकरणात दोन पक्षांमध्ये तिसऱ्याला ठेवून देवाणघेवाणीची जोखीम कमी करायची होती. "हे संगणकावर करा" एवढ्यानं ती कल्पना शोध बनत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. त्यानंतर अशा दाव्यांवर हरकतींचा पाऊस पडला.

तरी दार बंद झालेलं नाही. २०१६ च्या एन्फिश निर्णयात एक डेटाबेस-तक्ता होता ज्यात स्तंभांच्या व्याख्या त्याच तक्त्यात ओळी म्हणून साठवल्या जातात. ही संगणकाच्या कामातलीच सुधारणा आहे, म्हणून दावा पहिल्याच पायरीवर वाचला. त्याच वर्षी मॅक्रो प्रकरणात ॲनिमेशनमधल्या ओठांच्या हालचाली ठरावीक नियमांनी आपोआप बसवायची पद्धत टिकली, कारण नियम नेमके होते आणि पूर्वी चित्रकार करत असत तेच काम ते यंत्राकडून उरकून घेत नव्हते. रीतच वेगळी होती. उलट इलेक्ट्रिक पॉवर ग्रुप प्रकरणात वीजजाळ्याची माहिती गोळा करणं, तपासणं आणि दाखवणं एवढंच होतं. दावा लांबलचक असूनही पडला. माहिती गोळा करा, विश्लेषण करा, दाखवा: तुमचा दावा या तीन क्रियापदांत बसत असेल तर अजून काम बाकी आहे.

युरोपात म्हणे पहिला टप्पा सोपा असतो?

अगदी सोपा, आणि म्हणूनच फसवा. २००४ च्या हिताची निर्णयानंतर (टी २५८/०३) दाव्यात कुठलंही तांत्रिक साधन आलं, अगदी "संगणकाद्वारे" असं म्हटलं, तरी तो शोध या व्याख्येत बसतो. खरी परीक्षा कल्पकतेच्या टप्प्यावर, म्हणजे शोध सरावलेल्या माणसाला सहज सुचला असता का हे पाहताना, आणि तिथे २००२ चा कॉमव्हिक निर्णय (टी ६४१/००) लागू होतो.

पद्धत अशी आहे. दाव्यातले सगळे घटक वेगळे काढायचे. तांत्रिक परिणामाला हातभार लावणारे एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूचे घटक कल्पकतेत धरले जात नाहीतच, वर ते प्रोग्रॅमरला दिलेली मागणी म्हणून प्रश्नात घातले जातात: "मालकानं सांगितलंय की असा असा व्यवहार हवा, आता कर." मग विचारायचं, हे करणं सरावलेल्या प्रोग्रॅमरला सुचलं असतं का? व्यवसायाचा नियम कितीही नवा असो, तो मागणीत गेला की उरतो सर्व्हर आणि ब्राउझर, आणि ते तर सगळ्यांना माहीत आहेत. एका क्लिकमध्ये खरेदीच्या ॲमेझॉनच्या पद्धतीला अमेरिकेत १९९९ मध्ये पेटंट मिळालं. युरोपात अपील मंडळानं २०११ मध्ये तिला कल्पकतेअभावी नकार दिला.

हिताचीच्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऑनलाइन लिलावात नेटवर्कमुळे बोली उशिरा पोचते, हा तांत्रिक प्रश्न. त्यावर उपाय म्हणून लिलावाचेच नियम बदलले होते. मंडळ म्हणालं, प्रश्नाला वळसा घातला, सोडवला नाही. तुमच्या शोधातही हे तपासून बघा.

भारत, जपान, चीन इथे काय?

भारतात कलम ३(के) चा आजचा मजकूर २००२ च्या दुरुस्तीनं आला. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नवं हार्डवेअर हवं अशी अट होती. २०१७ मध्ये ती काढली. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केलं की तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दाखवणारा शोध प्रोग्रॅमवर आधारलेला आहे एवढ्यानं बाद होत नाही. मार्गदर्शक तत्त्वं २०२५ मध्ये पुन्हा सुधारली गेली. व्यवसायाच्या पद्धतीबाबत मात्र भारतीय पेटंट ऑफिस कडक आहे, आणि फक्त साठवण-माध्यमाचा (प्रोग्रॅम साठवलेल्या डिस्कसारख्या वस्तूचा) किंवा प्रोग्रॅमचा दावा केला तर हरकत येणार असं धरूनच चालावं.

जपानच्या कायद्यात शोध म्हणजे निसर्गनियमांचा उपयोग करणारी तांत्रिक कल्पना. सॉफ्टवेअरची प्रक्रिया हार्डवेअरच्या साधनांनी ठोसपणे कशी घडते हे दाव्यात दिसलं की ती अट भागते. २००२ पासून तिथे प्रोग्रॅम हा स्वतंत्र "वस्तू" म्हणून दाव्यात मागता येतो. चीननं २०२० पासून अल्गोरिदमचे घटक तांत्रिक घटकांशी जोडलेले असतील तर एकत्र पाहायची पद्धत स्वीकारली आणि जानेवारी २०२४ पासून प्रोग्रॅम-उत्पादनाचा दावाही मान्य केला.

मशीन लर्निंगचं मॉडेल असेल तर?

मॉडेल हे गणित आहे, इथून सुरुवात होते. पात्रता दोन वाटांनी येते: मॉडेल एखाद्या तांत्रिक कामाला बांधलेलं असतं, जसं हृदयाच्या विद्युत-आलेखातली अनियमित ठोक्यांची ओळख, किंवा मॉडेल चालवायची रीत यंत्राच्या रचनेशी जुळवलेली असते, जसं ठरावीक मेमरी-बँकेत बसेल असं वजनांचं (मॉडेलमधल्या शिकलेल्या आकड्यांचं) संक्षेपण. "उपलब्ध माहितीवर मॉडेल शिकवा आणि अंदाज घ्या" एवढ्यानं भागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं रिसेंटिव्ह प्रकरणात हेच सांगितलं: ओळखीचं मशीन लर्निंग नव्या क्षेत्रातल्या माहितीवर लावलं म्हणजे पात्रता येत नाही.

दुसरा खड्डा वर्णनाचा आहे आणि तो अधिक खोल आहे. युरोपातल्या टी १६१/१८ प्रकरणात रक्तदाबाच्या लहरीवरून हृदयाचं काम मोजणारं न्यूरल नेटवर्क होतं. शिकवणीसाठी वेगवेगळ्या वयाच्या, लिंगाच्या, प्रकृतीच्या रुग्णांची माहिती घ्यावी, इतकंच अर्जात लिहिलं होतं. एकही योग्य डेटा-संच दिला नव्हता. वाचणाऱ्याला ते पुन्हा बनवता येणार नाही म्हणून अर्ज पडला. म्हणून इनपुटमध्ये काय काय, कोणत्या मापात, किती नमुने, खुणा कशा लावल्या, थरांची रचना, तोट्याचं फलन (अंदाज किती चुकला ते मोजणारं सूत्र), शिकवणी कुठे थांबवायची, आणि तुलनेचे आकडे, हे सगळं लिहा.

फक्त सिम्युलेशन असेल, तर युरोपियन पेटंट ऑफिसचा मार्च २०२१ चा जी १/१९ निर्णय पाहावा. इमारतीतून चालणाऱ्या गर्दीचं सिम्युलेशन तिथे होतं. सिम्युलेशन म्हणून वेगळी बंदी नाही, पण निघणारे आकडे तांत्रिक उपयोगाला बांधलेले नसतील तर ते आकडेच राहतात.

शोधकर्ता म्हणून यंत्राचं नाव देता येत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये वरच्या न्यायालयांनी ते नाकारलं आहे.

दावा कसा लिहायचा? एक नमुना दाखवा.

समजा, बेअरिंगची कंपनं मोजणारा बॅटरीवरचा बिनतारी सेन्सर आहे. कच्चा दावा असा येतो: "कंपनाची माहिती घेऊन, तिचं विश्लेषण करून, बिघाड असल्यास सूचना देणारी पद्धत." वर सांगितलेली तीन क्रियापदं इथे जशीच्या तशी आहेत. आता हे पाहा:

"बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सर-नोडमध्ये घडणारी पद्धत, जिच्यात: (क) नोड कंपनाचे १,०२४ नमुने बफरमध्ये घेतो, (ख) नोडचा प्रोसेसर त्यावरून पूर्वनिश्चित वारंवारता-पट्ट्यांतली ऊर्जा काढतो, (ग) ती ऊर्जा आणि मेमरीतली आधीची ऊर्जा यांतला फरक मर्यादेच्या आत असेतो रेडिओ बंद ठेवतो, मर्यादा ओलांडल्यावरच तो सुरू करून फक्त त्या पट्ट्यांची मूल्यं पाठवतो, (घ) बॅटरीचा व्होल्टेज आणि गेल्या ठरावीक काळातल्या प्रसारणांची संख्या यांवरून ती मर्यादा प्रत्येक पट्टीसाठी वेगळी बदलतो."

इथे क्रिया कोण करतं ते प्रत्येक पायरीत दिसतं. रेडिओ बंद राहणं हा प्रत्यक्ष परिणाम दाव्यातच आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर (क) ते (ग) नवं नाही. बदल झाला तरच पाठवा ही कल्पना सेन्सर-नेटवर्कमध्ये जुनी आहे. सगळा भार (घ) वर आहे. म्हणून (घ) चे तीन-चार पर्याय उपदाव्यांत (मुख्य दाव्याला जोडलेल्या, अधिक नेमक्या दाव्यांत) ठेवायचे: फक्त व्होल्टेज, व्होल्टेज आणि तापमान, पट्टीच्या जुन्या चढ-उतारांवरून. शिवाय १,०२४ हा आकडा मुख्य दाव्यात ठेवू नका, उपदाव्यात ढकला. नाहीतर प्रतिस्पर्धी २,०४८ नमुने घेऊन सुटेल.

हाच मजकूर पद्धत, यंत्रणा आणि साठवण-माध्यम अशा तीन रूपांत मांडायची रीत आहे. "मॉड्यूल" हा शब्द अमेरिकेत जपून वापरा. २०१५ च्या विल्यमसन निर्णयानंतर "अमुक करणारं मॉड्यूल" हे केवळ कार्य सांगणारं वर्णन धरलं जाऊ शकतं, आणि त्यामागचा अल्गोरिदम अर्जात नसेल तर दावा संदिग्ध म्हणून रद्द होतो.

सर्व्हर दुसरीकडे आणि वापरणारा तिसरीकडे असेल तर?

हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. पद्धतीच्या दाव्यातल्या सगळ्या पायऱ्या सहसा एकाच पक्षानं, त्या देशाच्या हद्दीत केल्या तरच सरळ उल्लंघन सिद्ध होतं. "वापरकर्ता बटण दाबतो, फोन संदेश पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो" असा दावा केला की काम तिघांत वाटलं जातं आणि एकालाही पकडणं अवघड होतं. उपाय लेखनातच आहे. एक दावा पूर्णपणे सर्व्हरच्या नजरेतून लिहा: "संदेश मिळतो, त्यावरून ठरवतो, उत्तर पाठवतो." दुसरा पूर्णपणे उपकरणाच्या नजरेतून.

सोर्स कोड द्यावा लागतो का?

नाही. कोड दिल्यानं वर्णन आपोआप पुरेसं होतं असंही नाही. लागतो तो असा तपशील की सरावलेला माणूस अवाजवी खटाटोप न करता पद्धत उभी करील. प्रत्येक मुख्य पायरीचा फ्लोचार्ट, डेटा-रचनेची आकृती, हार्डवेअरचा ठोकळा-आराखडा, निदान एक आकडेवार उदाहरण आणि सूडो-कोड (साध्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या पायऱ्या) एवढं असावं.

एक परिच्छेद मात्र कधीही गाळू नका: आधीच्या पद्धतीत काय बिघडत होतं, ते का बिघडत होतं, तुमच्या कोणत्या घटकामुळे ते थांबतं आणि किती फरक पडतो. "नोडचा रेडिओ दर दहा सेकंदांना सुरू होत असे, आता तो केवळ मर्यादा ओलांडल्यावर सुरू होतो" हे कारण आणि परिणाम जोडणारं वाक्य आहे. पुढे हरकत आली की उत्तर याच परिच्छेदातून उभं राहतं. तो नसेल तर वकिलाच्या हातात युक्तिवाद राहतो, पुरावा राहत नाही.

आम्ही शोधनिबंध छापला, किंवा कोड सार्वजनिक भांडारात टाकला. आता?

तारीख लगेच तपासा. अमेरिकेत शोधकर्त्याच्या स्वतःच्या प्रकटनानंतर एक वर्षाची सवलत आहे, जपानमध्येही २०१८ पासून एक वर्षाची. युरोपात ती जवळपास नाहीच. कुणी विश्वासघात करून फोडलं किंवा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडलं, एवढेच अपवाद. भारतातली सवलतही ठरावीक प्रसंगांपुरती आहे.

याची किंमत आरएसए गुप्तलेखनानं दाखवली. पद्धतीचं वर्णन ऑगस्ट १९७७ मध्ये एका मासिकात आलं, पेटंटचा अर्ज अमेरिकेत डिसेंबर १९७७ मध्ये गेला. अमेरिकी पेटंट १९८३ मध्ये मिळालं आणि २००० पर्यंत टिकलं. बहुतेक इतर देशांत अर्ज करायची वेळच निघून गेली होती. चार महिन्यांचा फरक.

परिषदेतलं भाषण, पोस्टर, ग्राहकाला गोपनीयतेच्या कराराशिवाय दिलेला डेमो, प्रबंधाची खुली प्रत, हे सगळं प्रकटन आहे. सर्व्हरच्या आत दडलेली पद्धत बाहेरून कळत नसेल तर नुसत्या वापरानं ती युरोपात प्रकट होईलच असं नाही, पण अमेरिकेत गुप्त व्यापारी वापरही तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो.

अर्जाचा क्रम आणि मुदती कशा असतात?

आधी शोध: पेटंट-संग्रहात आणि शोधनिबंधांतही पाहा, कारण संगणकशास्त्रातलं बरंचसं पूर्वज्ञान परिषदांच्या निबंधांत आणि जुन्या तांत्रिक अहवालांत पडलेलं असतं. मग पहिला अर्ज. त्या तारखेपासून १२ महिन्यांत पॅरिस करारानुसार इतर देशांत किंवा पीसीटी (पेटंट सहकार्य करार) मार्गानं आंतरराष्ट्रीय अर्ज. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. पीसीटीतून देशोदेशी शिरायची मुदत सामान्यतः ३० महिने, युरोप आणि भारतात ३१. तपासणी आपोआप होतेच असं नाही. भारतात ती वेगळी मागावी लागते आणि मुदत चुकली तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं, वार्षिक शुल्क भरत राहिलं तर.

घाईघाईत चार पानांचा प्रोव्हिजनल (पहिली तारीख मिळवून देणारा तात्पुरता) अर्ज करून निश्चिंत होणं ही फार महाग चूक आहे. त्यात जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

परदेशात पहिला अर्ज करण्याआधी आपल्या देशाची परवानगी लागते का तेही बघा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं किंवा लेखी परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत लागलेल्या शोधालाही अशीच अट आहे.

अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरनं "हा निव्वळ अल्गोरिदम आहे" असं म्हटलं तर?

"आमचा शोध अल्गोरिदम नाही" एवढं ठासून सांगून काही होत नाही. दाव्यातला नेमका घटक, त्यामुळे होणारा परिणाम आणि अर्जातला परिच्छेद-क्रमांक अशी जोडी लावून दाखवा. परिणाम दाव्यातून दिसत नसेल तर अर्जात असलेलं तांत्रिक बंधन दाव्यात आणा. तुलनेचे नवे आकडे जोडता येतात, पण ते अर्जात आधीच सांगितलेल्या परिणामाला दुजोरा देणारे असावेत. प्रत्यक्ष भेट किंवा फोनवरची सुनावणी मिळत असेल तर घ्या. लेखी तीन फेऱ्यांत न सुटणारा गैरसमज कित्येकदा वीस मिनिटांत सुटतो.

कॉपीराइट पुरेसा नाही का?

कोड कुणी जसाच्या तसा उचलला तर पुरतो. कुणी तीच पद्धत स्वतः नव्यानं लिहिली तर कॉपीराइट काही करू शकत नाही, पेटंट करू शकतं. त्याचीच दुसरी बाजू अशी की पेटंटमध्ये "आम्हाला स्वतंत्रपणे सुचलं" हा बचाव सहसा चालत नाही.

कोड मुक्त परवान्यानं द्यायचा असेल तर?

परवाना निवडतानाच ठरवा. अपाचे २.० आणि जीपीएल ३ मध्ये योगदान देणारा आपल्या पेटंटचा हक्कही वापरणाऱ्यांना देतो. एमआयटी परवान्यात पेटंटचा स्पष्ट उल्लेख नाही.

मग पेटंट घ्यावं की गुपित ठेवावं?

प्रतिस्पर्ध्याचं उत्पादन हातात घेऊन तो तुमची पद्धत वापरतो हे तुम्हाला सिद्ध करता येईल का, हे आधी बघा. फाइलचं स्वरूप, नेटवर्कवरचे संदेश, पडद्यावरची वागणूक, चिपमधली रचना हे तपासता येतं. अशा ठिकाणी पेटंटला धार असते, आणि मानकात शिरणारी पद्धत असेल तर अधिकच. दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये खोल चालणारी क्रमवारी लावायची रीत बाहेरून दिसत नाही. तिथे पेटंट म्हणजे अठरा महिन्यांनी आपली रीत जगाला वाचायला देणं. अशी रीत गुपित ठेवावी, पण मग प्रवेश कुणाकुणाला आहे याची यादी, गोपनीयतेचे करार आणि तारीखवार नोंदी आजपासून ठेवाव्या लागतात. दोन्ही एकत्रही जमतं: संदेशांचं स्वरूप पेटंटमध्ये, आतल्या मापांची जुळणी गुपितात. मात्र शोध उभा करायला जे लागतं ते गुपितात राहिलं, तर अपुऱ्या वर्णनापायी पेटंटही जातं.